भिंती तिच्या, नमुना आठ त्याचा

मागच्या मे महिन्यात मूल तालुक्यातल्या एका गावात बैठकीला गेले. दुपारी तीनची वेळ ठरलेली. समाजमंदिरात चिटपाखरू नाही. ऊन असं, की डांबरी रस्त्यावर चपला चिकटत होत्या. बायांना शोधत निघाले तर गटातल्या अकरा जणींपैकी नऊ जणी आपापल्या घराच्या भिंतीला लागलेल्या. कुणी माती तुडवत होती, कुणी तणस बारीक करून तिच्यात कालवत होती. एकीने ओसरीची भिंत छाबत कमरेपर्यंत आणली होती. तिची पोटुशी सून अंगणात उभी राहून वरचे फुटके कवेलू मोजत होती. मिरग तोंडावर आला होता.

"पाऊस आला तं भीत बसते, ताई. तुमची बैठक कुठं पळून जाते?"

पदर खोचून मीही मातीत हात घातला. मी लावलेला गिलावा पाव तासात सुटून खाली आला. सगळ्या हसल्या. माती किती मुरली पाहिजे, शेण किती, भिंत आधी किती ओली करायची, हात खालून वर न्यायचा की आडवा, हे त्यांच्या बोटांना ठाऊक आहे. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात मला 'कौशल्यविकास' या विषयावर प्रकल्प लिहावा लागला होता. त्यात या कामाचा उल्लेख नव्हता. अभ्यासक्रमाला दोष देत नाही, प्रकल्प मीच लिहिला होता.

हात धुताना सहज विचारलं, "काकू, घर कोणाच्या नावावर आहे?"

"सासऱ्याच्या."

"ते असतात का?"

"मरून बारा वर्सं झाली."

"मग आता?"

"आता पोराच्या नावानं कराचं म्हणते म्हातारा." म्हातारा म्हणजे तिचा नवरा. मेलेल्या सासऱ्याकडून घर निघालं, जिवंत बाईला वळसा घालून मुलाकडे निघालं होतं. ती पुढे जे म्हणाली ते मी वहीत लिहून घेतलं: "घर पडलं तं आमी उचलावं, आन घर इकाचं झालं तं त्यायनं इकावं."

गेली काही वर्षं मी या दोन जिल्ह्यांत हिंडते आहे, आणि आता मला यात गंमत वाटेनाशी झाली आहे. घराची दुरुस्ती, डागडुजी, रंगरंगोटी, मागची वाडी ही सगळी कामं आपण 'घरकाम' या एका शब्दाच्या पोत्यात भरून टाकतो. शहरात मात्र याच कामांना वेगळा मान आहे. रविवारच्या पुरवण्यांमध्ये घराच्या नूतनीकरणावर पानंच्या पानं येतात. माझ्या नवऱ्याने एका सुट्टीच्या दिवशी ड्रिल मशीनने भिंतीला चार भोकं पाडून फळी लावली, तर शेजारपाजारचे ती बघून गेले. "तुमच्या यांना हौस आहे हो!" असं दोन बायका मला म्हणाल्या. फळी चांगली आहे, मी रोज वापरते. पण माझ्या आईने पंचवीस वर्षं दर दिवाळीला आमचं मातीचं घर आतून-बाहेरून पोतारलं, तेव्हा तिच्या हौसेचं कौतुक करायला कुणी आलं नव्हतं. पुरुषाने केली की हौस, बाईने केली की रीत.

आणि ही रीत किती मोठी आहे ते बघा. आपल्या भागातल्या कुडाच्या घराचा सांगाडा बांबूचा. बांबू चिरून, विणून ताटवे करायचे, ते उभे करून दोन्ही बाजूंनी माती लावायची. बांबू आणायचं, मयाल चढवायचं, कवेलू फेरायचं काम पुरुष करतात आणि ते जोखमीचं आहे. कवेलू फेरताना पडून माणसं जायबंदी होतात हे मला माहीत आहे. पण ते काम वर्षातून दोन-चार दिवसांचं. माती खणून आणणं, भिजवणं, तुडवणं, भिंत छाबणं, भेगा बुजवणं, जमीन चोपणं आणि आठवड्याला सारवणं, पांढऱ्या मातीने पोतारणं, दिवाळीनंतर मंडई आली की पाहुण्यांसाठी पुन्हा एकदा सगळं करणं, चूल मोडली की नवी घालणं, हे वर्षभर चालतं आणि ते सगळं बाईकडे. चांगली पांढरी माती गावाजवळ नसते. ती टोपलीने डोक्यावरून आणायची. माती खणताना दरड अंगावर येऊन बाया दबल्याच्या बातम्या मध्य भारतातून अधूनमधून येत असतात, आतल्या पानावर, चार ओळींच्या. आणि जंगल आता पूर्वीचं राहिलेलं नाही. १० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यात एकाच दिवशी तीन बायांना वाघाने मारलं. त्या तेंदूपानाला गेल्या होत्या. कुंपणाच्या काट्या आणि चुलीचं सरपणही त्याच जंगलातून येतं, आणि आणायला त्याच जातात.

या श्रमांचा हिशेब कुठे होतो? देशाच्या उत्पन्नाचा हिशेब मांडण्याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. त्यांत स्वतःसाठी घर बांधणं आणि घराची मोठी दुरुस्ती उत्पादनात धरली जाते. घराची साफसफाई, सजावट आणि किरकोळ दुरुस्ती धरली जात नाही. मोठी कोणती आणि किरकोळ कोणती? सिमेंटचा गिलावा केला तर ठेकेदाराचं बिल असतं, म्हणून तो मोजला जातो. मातीच्या गिलाव्याला बिल नसतं. तो केला नाही तर एका पावसाळ्यात घर बसतं, पण ते किरकोळ. २०१९ साली सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातल्या बिनपगारी कामात भाग घेणाऱ्या स्त्रीची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, भाग घेणाऱ्या पुरुषाची ९७. त्यातही अशा कामात भाग घेणाऱ्या स्त्रिया शंभरात ८१ आणि पुरुष शंभरात २६. म्हणजे आधी चारातला एक पुरुष कामाला हात लावणार, आणि तोही दीड तास.

आता यावर कुणी म्हणेल, कुडाची घरं गेली, सगळीकडे घरकुलं आली, तुमचं रडगाणं जुनं झालं. घरकुलं आली हे चांगलंच झालं. पावसाळ्यात भिंत अंगावर पडण्याच्या भीतीने रात्र जागून काढणं म्हणजे काय, हे ज्यांनी भोगलं त्यांच्यापुढे मी मातीच्या घराची गाणी गाणार नाही. शहरातले काही पर्यावरणवादी मित्र ती गातात. त्यांनी एकदा मे महिन्यात माती तुडवायला यावं.

पण घरकुलाने काय केलं तेही बघू या. इंदिरा आवास योजना १९८५ ची, पंतप्रधान आवास योजना (ग्रामीण) २०१६ ची. नव्या योजनेत घर किमान २५ चौरस मीटरचं, मदत सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ किंवा नक्षलप्रभावित जिल्ह्यांत १ लाख ३० हजार. माडियांसारख्या आदिम जमातींसाठी २०२३ च्या पीएम-जनमनमध्ये २ लाख. घर दोघांच्या नावे किंवा बाईच्या नावे मंजूर करावं असा नियम आहे, आणि तो चांगला आहे. पण बांधताना काय होतं? ज्या बाईने आजवर दहा वेळा भिंत उभी केली ती आपल्याच घराच्या बांधकामावर रेजा होते. मिस्त्री तो, रेजा ती. ती विटा वाहते, रेती चाळते, पाणी मारते. थापी तिच्या हातात येत नाही. गिलाव्यात बोटं मुरलेल्या बाईला आपण एका रात्रीत अकुशल ठरवतो. झारखंडमध्ये शौचालयांच्या बांधकामात बायांना थापी दिली तर त्या 'राणी मिस्त्री' म्हणून नावारूपाला आल्या. आपल्याकडे १९९३ च्या लातूर-उस्मानाबादच्या भूकंपानंतर घरांच्या मजबुतीकरणात महिला मंडळांच्या बाया 'संवाद सहायक' म्हणून उतरल्या, बांधकामाच्या गोष्टी शिकल्या आणि गावाला शिकवल्या. तीस वर्षं होऊन गेली. चंद्रपूर-गडचिरोलीत घरकुलं बांधणाऱ्या मिस्त्र्यांमध्ये तुम्हाला किती बाया दिसतात? मला आजवर दोन भेटल्या.

दुसरी गोष्ट जागेची. जुनं घर पाडून तिथे नवं बांधायचं तर चार-सहा महिने राहायचं कुठे? म्हणून घरकुल बहुतेक वेळा मागच्या सांदवाडीत उभं राहतं. सांदवाडी कुणाची? कागदावर कुणाची का असेना, वापरात बाईची. पावसाळ्यात मका, मांडवावर दोडके, कारली, वालाच्या शेंगा, बरबटी, धोप्याची पानं, अंबाडी, छपरावर चढलेला कोहळ्याचा वेल. नवऱ्याला न विचारता ती ज्यातून भाजी खुडू शकते, शेजारणीला देऊ शकते, बाजारात नेऊन चार पैसे गाठीला बांधू शकते, अशी ही एकच जागा. तीच घरकुलाच्या पायाखाली जाते. दुसऱ्या वर्षी त्याच घरी आम्ही कार्यकर्त्या जातो आणि पोषण परसबागेचं प्रशिक्षण देतो! २०२० च्या पावसाळ्यात 'उमेद'ने माझी पोषण परसबाग मोहीम काढली. मीसुद्धा वाफे आखून दिले आहेत. मोहिमेचा हेतू वाईट नव्हता, काही ठिकाणी बागा झाल्याही. पण एका आजीने मला विचारलं, "बी माह्याजवळ हाये, हात हाये. पानी कोन आनते? आन जागा कोनती?" माझ्या पुस्तिकेत याचं उत्तर नव्हतं. उन्हाळ्यात हापशावरून आणलेल्या प्रत्येक हंड्याचा भार तिच्या कमरेवर, आणि अहवालात मात्र 'कुटुंबांनी परसबागा फुलवल्या'. कुटुंबांनी म्हणजे कुणी?

या सगळ्याच्या मुळाशी कागद आहे. ग्रामपंचायतीचा नमुना आठ. ही घरपट्टीची नोंदवही. ती मालकीचा पक्का पुरावा नव्हे, पण गावात घर कुणाचं या प्रश्नाचं उत्तर तीच देते. २००३ साली ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून सांगितलं, की घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावे करावी. 'घर दोघांचं' असं त्याचं गाजतं नाव. वीस वर्षांहून जास्त काळ लोटला. आमच्या गटाने एका ग्रामपंचायतीत अर्ज नेले तेव्हा आम्हाला सांगण्यात आलं, "नवऱ्याची संमती आणा." संमती! जिच्या हातावर त्या घराची माती वाळली आहे तिने संमती आणायची. आणि तिचं नाव गाळून ते मुलाच्या नावावर करायचं असेल, तेव्हा तिची संमती कुणी विचारली होती का?

याच जिल्ह्यांत कागदाची एक वेगळी कथाही आहे. १९६८ पासून गडचिरोलीच्या जंगलातला बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्याला दिला गेला. कुडाला बांबू लागला की गावकऱ्याला निस्तारासाठी हात पसरावे लागत. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने ही रीत उलटवली. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला, आणि २७ एप्रिल २०११ ला बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. ज्या बांबूने आपली भिंत उभी राहते तो आपला, हे गावाने सरकारकडून कबूल करून घेतलं. मला त्या लढ्याबद्दल आदर आहे. माझं म्हणणं एवढंच, की गाव सरकारला जे म्हणालं तेच बाई घराला म्हणते आहे. तेव्हा मात्र आपण दचकतो. वनहक्क कायद्याने ही गोष्ट आधीच ओळखली होती. कलम ४(४) सांगतं, की विवाहितांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असेल. जंगलातल्या जमिनीवर तिचं नाव चालतं, तर गावठाणातल्या घरावर का चालत नाही?

"आदिवासींमध्ये मालकी-बिलकी नसते, तुम्ही बाहेरचे भांडणं लावता," असं मला एका बैठकीत एक जण म्हणाले. बोलणारे स्वतः दोन घरांचे मालक होते. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही हे खरं. पण १७ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात निकाल दिला, की स्त्रीला वाटा नाकारणारी रूढी सिद्ध होत नसेल तर तिला समान वाटा आहे. हा निकाल आपल्या प्रत्येक गटाने वाचला पाहिजे. रूढी रूढी म्हणून जे आपल्या तोंडावर फेकलं जातं, ते सिद्ध करण्याची जबाबदारी आता फेकणाऱ्यावर आहे.

रूढीचा विषय निघाला म्हणून एका घराबद्दल बोलते. गडचिरोलीच्या माडिया आणि गोंड गावांत एक घर असं आहे, जे फक्त बायांचं आहे. कुर्मा घर. पाळीच्या दिवसांत बाईने तिथे राहायचं. गावाच्या कडेला, बहुधा बिनखिडकीचं, दाराला कडी नाही, जमीन ओली, छपरातून आभाळ दिसतं. पावसाळ्यात साप-विंचू. तिथे बायांचे जीव गेले आहेत. आता विचार करा, जी बाई मे महिन्यात आपल्या घराची एकही भेग शिल्लक ठेवत नाही, तिच्याच हातांच्या गावात हे घर असं का? कारण ते सगळ्यांचं, म्हणजे कुणाचंच नाही. पुरुषांनी शिवायचं नाही. बाया तिथे असतात ते कोंडल्या दिवसांत, आणि बाहेर आल्या की त्यांना आधी आपलं घर आणि धान. माती आणणार कोण, बांबू मागणार कोणाकडे? बाईच्या वाट्याला जे एकमेव घर पूर्णपणे आलं, ते हे.

२०२१ मध्ये मुंबईच्या खेरवाडी सोशल वेल्फेअर असोसिएशनने तुकूम गावात नवं घर उभारलं. वाळूने भरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांच्या भिंती, खाटा, आत शौचालय, आतून लागणारं दार. त्यावरून आमच्या वर्तुळात कडाक्याचं भांडण झालं. एक बाजू म्हणाली, हे कोठडीला रंग देणं झालं, प्रथा पक्की केलीत. दुसरी म्हणाली, प्रथा जाईल तेव्हा जाईल, तोवर साप चावून मरायचं का? मी दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दिवशी हो म्हटलं आहे. आता मला वाटतं, दाराला आतून कडी असणं ही लहान गोष्ट नाही. जिला आज रात्री तिथे झोपायचं आहे तिला मी तत्त्वासाठी कडीविना ठेवणार नाही. पण कडी लावून दिली म्हणून मी पुढचं विचारायचं सोडणार नाही: ज्या घराच्या भिंती तिने छाबल्या, त्याच घरातून तिला महिन्याचे पाच दिवस बाहेर कोण काढतं, आणि कोणत्या हक्काने? आणि चंद्रपूर-नागपूरच्या फ्लॅटमधल्या ज्या बहिणी आजही चार दिवस स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर थांबतात, त्यांनी माडियांच्या मागासलेपणावर बोलू नये. माझ्या माहेरी मीही कोपऱ्यातल्या चटईवर बसले आहे. त्या कोपऱ्यातली जमीन मीच सारवली होती.

काही मैत्रिणी म्हणतात, कागदावर नाव आलं म्हणून काय बदलणार? मारणारा मारतोच. मारतोच, पण रात्री बाराला "माझ्या घरातून निघ" म्हणताना त्याला 'माझ्या' हा शब्द गिळावा लागतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने नाव नसलं तरी राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे, तो वापराच. पण तो मागायला न्यायालयात जावं लागतं, आणि भामरागडच्या बाईला न्यायालय किती लांब ते तिलाच विचारा. शेतकरी संघटनेने १९८६ च्या चांदवड अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीची हाक दिली. अनेक गावांत नवऱ्यांनी बायकोच्या नावे जमिनी केल्या, समारंभ झाले. मोठी गोष्ट होती. तरी मला तो समारंभ खटकतो. नवऱ्याने दिलं आणि बाईने घेतलं, असं त्याचं चित्र. आपण घर मागतो ते दान म्हणून नाही. एका घराला वर्षाला किती टोपल्या माती, किती दिवस, किती हंडे पाणी लागतं हे लिहून काढा, त्याला शेतमजुरीचा दर लावा, आणि लग्नापासूनच्या वर्षांनी गुणा. मग सांगा कुणी कुणाला काय द्यायचं आहे ते.

घाई आता एका वेगळ्या कारणाने आहे. एप्रिल २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी सुरू झाली आणि घरांना मिळकत पत्रिका मिळू लागल्या. मोजणीनंतरच्या चौकशीत नाव लावताना बघितला जातो तो ग्रामपंचायतीचा नमुना आठ. नमुना आठमध्ये म्हातारा, तर पत्रिकेत म्हातारा. आज ती घरपट्टीची नोंद आहे तोवर एका अर्जावर, एका ठरावावर हलते. एकदा भूमी अभिलेखाच्या पत्रिकेवर नाव बसलं की ते हलवायला चपला झिजतील.

म्हणून या पावसाळ्याआधी प्रत्येक गटाने एक काम करावं. ग्रामपंचायतीत जाऊन आपापल्या घराचा नमुना आठ डोळ्यांनी बघावा, त्याची नक्कल मागावी. मेलेल्यांची किती नावं आहेत, मुलांची किती, बायांची किती, मोजावं. २००३ च्या परिपत्रकाचा हवाला देऊन सगळ्यांचे अर्ज एकाच दिवशी द्यावेत आणि पोच घ्यावी. एकटीने जाऊ नये. संमतीपत्र मागितलं तर कोणत्या नियमाने मागता ते लेखी मागावं. घरकुलाच्या यादीत नाव असेल तर बांधकामावर गटातल्या दोघींना थापी द्या अशी अट मिस्त्रीला आधीच घालावी. नवं घर सांदवाडीत येणार असेल तर तिची जागा कुठे, हे पाया खणण्याआधी ठरवावं. आणि जिथे कुर्मा घर आहे तिथल्या मैत्रिणींनी आपसात बसून ठरवावं, आम्ही बाहेरच्यांनी नाही.

मूल तालुक्यातल्या त्या गावची मोजणी आम्ही जूनमध्ये केली. गटातल्या अकरा घरांपैकी सहा सासऱ्यांच्या नावावर, त्यातले चार सासरे वारलेले. चार नवऱ्यांच्या नावावर. एक घर बाईच्या, ती विधवा. अकराच्या अकरा अर्ज दिले आहेत. पोच मिळाली, ठराव अजून झालेला नाही. तुमच्या गावचे आकडे पुढच्या अंकाआधी कळवा.